मालवणचा सूर्योदय

आता जे लिहितो आहे ते माझ्या बायकोला शेवटपर्यंत कळलं नाही. मुलीला आजही माहीत नाही, आणि ज्या माणसाच्या माथी ते बसलं आहे त्यालाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. नाही, हेही पूर्ण खरं नाही. लातुरात दहावीला क्लास लावून तुम्ही मोठे झाला असाल, तर ओळखतही असाल.

महानंदा गेली त्याला पाच महिने होत आले. भेटायला येणारे अजून येतात. चहा घेतात, तिच्या फोटोकडे बघतात, आणि मग त्यातला एक जण हमखास म्हणतो, "सर, तुमचा तो निबंध अजून तोंडपाठ आहे हं." परवा तर एक बँकेतला मॅनेजर, डोक्यावरचे केस गेलेला माणूस, हार घातलेल्या फोटोसमोर बसून सुरू झाला — "पहाटेची वेळ होती. समोर अथांग सागर पसरला होता. आणि पाहता पाहता त्या निळ्या पाण्यातून तांबडा सूर्यगोल वर आला..." शेजारी बसलेल्या दोघांनी पुढचं वाक्य एका सुरात पुरं केलं. मला वाटलं, हातातला ट्रे आपटावा. काय करायचं अशा माणसांचं? प्रेमाने येतात, आणि नेमकं तेच घेऊन येतात.

‘मी पाहिलेले पर्यटनस्थळ’. मालवणवरचा निबंध. लातूरच्या क्लासमध्ये किती वर्षं पोरांनी तो पाठ केला, कोण जाणे. मालवणला मी कधीही गेलेलो नाही. समुद्रच पाहिलेला नाही — अजूनही नाही.

सुरुवात उमरीत झाली. मुलगी बघायला गेलो होतो. मोठी माणसं मुद्दाम उठून ओसरीवर गेली आणि आम्हा दोघांना पाच मिनिटं मिळाली. मी पुस्तकातला माणूस, मला बोलायला सुचेना. तिनेच विचारलं, "तुमी कुठं कुठं फिरलाव?" मी परभणीच्या पुढे गेलो नव्हतो. पण म्हणालो — मालवणला जाऊन आलोय. का म्हणालो? आदल्या आठवड्यात लायब्ररीत एका मासिकात मालवणवर लेख वाचला होता, एवढंच. ती डोळे मोठे करून म्हणाली, "आई गं! आमी तर इस्लापूरच्या पुढं सहस्रकुंडाचा धबधबा पाह्यला बस. तेवढंच आमचं पाणी." आणि हसली. ते हसू बघून मला फार बरं वाटलं. एका खोट्याने इतकं बरं वाटावं? तिथेच म्हणायला हवं होतं, अहो, गंमत केली. पाच मिनिटं संपली. राहून गेलं.

लातूरच्या ज्या खासगी क्लासमध्ये मी मराठी शिकवायला लागलो, तिथे भाषेला फारसा मान नव्हता. गणित आणि विज्ञान हे खरे विषय. पण गुणवत्ता यादीत यायचं तर मराठीतही मार्क पडायला हवेत, म्हणून मी. मालकांचं धोरण सोपं होतं. पोरांनी विचार करायचा नाही, पाठ करायचं. दहा निबंध तयार ठेवा, पेपरात कुठलाही विषय येवो, पोराने त्यातलाच एक वळवून लिहावा. मी दहा निबंध लिहिले. नऊ आता मलाही आठवत नाहीत.

मालवणचा मी एका बैठकीत लिहिला. किल्ला मासिकातला, नारळी कॅलेंडरवरच्या, तारकर्ली आणि देवबाग नकाशावरून. आणि सूर्य? सूर्य माझ्या गावचा. घरामागे सपाट काळं रान, पार क्षितिजापर्यंत, आणि रोज सकाळी त्यातून वर येणारा तांबडा गोळा मी लहानपणापासून बघत आलो होतो. मी फक्त रान काढलं आणि तिथे पाणी घातलं. समुद्र पश्चिमेला आहे, तर सूर्य त्यातून उगवेल कसा, हे मला सुचलं नाही. तुम्हाला हसू येईल. पण कुणालाच सुचलं नाही! मालकांना नाही, पोरांना नाही, पेपर तपासणाऱ्यांना नाही. आम्हा सगळ्यांचा सूर्य जमिनीतून उगवून जमिनीतच मावळणारा. पोरांनी धडाधड मार्क मिळवले.

त्या दिवसांत नोट्स स्टेन्सिलवर लिहून सायक्लोस्टाइल करायच्या. महानंदाचं अक्षर मोत्यासारखं होतं, म्हणून स्टेन्सिल तीच लिहायची. लोखंडी टोकाच्या लेखणीने, मेणकागद फाटू न देता. फाटला की पुन्हा पहिल्यापासून. मालवणची मागणी इतकी होती की तो निबंध तिने किती वेळा लिहिला असेल, सांगता येणार नाही. लिहिताना मध्येच थांबून म्हणायची, "काय दिसत असंल हो! पाण्यातून निघालेला सूर्य. वला असंल का?" मी म्हणायचो, लिही, बॅच सुरू व्हायची आहे.

तिला एकदा तो सूर्य बघायचा होता. दागिना नको, साडी नको. दुसरं काही तिने माझ्याकडे कधी मागितल्याचं मला आठवत नाही.

लग्नानंतर पाचव्या वर्षी तिने जायचं ठरवूनच टाकलं. दिवाळीची सुट्टी, लातूर ते कोल्हापूर एसटी, तिथून पुढे. पल्लवी तीन वर्षांची झाली होती. तिच्यासाठी स्वेटरसुद्धा विणून झाला. समुद्रावर थंडी असते असं तिला वाटायचं, आणि मलाही! मी आतून गारठत चाललो होतो. तिथे उतरल्यावर ती विचारणार, तुम्ही राहिला होता ते कुठं, कोणत्या रस्त्याने गेला होता... मी काय सांगणार होतो?

आणि मग भूकंप झाला. विसर्जन करून लोक झोपले होते, पहाटे जमीन हलली. किल्लारीकडची गावंच्या गावं दगडामातीखाली गेली. आम्ही शहरात वाचलो. दुसऱ्या दिवशी महानंदा म्हणाली, "लोकांच्या घरात दिवा लावाय माणूस राहिला नाही, आन आपण फिरायला जायचं? नगं." मी मान हलवली. पण खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. आजूबाजूला माणसं ढिगाऱ्यातून आपली माणसं उकरत होती आणि माझ्या मनात आलं — चला, मालवण टळलं. हा विचार क्षणभरच आला असं लिहिणार होतो. क्षणभर नव्हता. दिवसभर होता.

क्लासतर्फे आम्ही टेम्पोतून भाकरी आणि चादरी घेऊन जायचो. तिथे कुडाळकडून मदतीला आलेले एक मास्तर भेटले. सहा-सात दिवस ते मढी काढण्यात होते, चेहरा दगडासारखा झालेला. आणि मी — मला राहवतं का? — त्यांना म्हणालो, "तुमच्या मालवणचा सूर्योदय म्हणजे काय वर्णावा!" ते माझ्याकडे बघत राहिले. मग हसले. त्या सगळ्यात त्यांना हसू आलं. "अवो मास्तर, आमच्याकडे सूर्य येतो डोंगरामागून. दर्यात तो बुडतो संध्याकाळचो. तुमी खंय बघितलास उगवताना?"

परत येताना टेम्पोत मी नुसता जळत होतो. लातुरात आल्याबरोबर मालकांना गाठलं, म्हटलं, निबंध चुकला आहे, बदलू या. ते पावत्या फाडत होते. वर न बघता म्हणाले, "मार्क पडून राहिलेत का न्हाई?"

"पडतात."

"मग सूर्य कुठून का निघंना, सर. तुमच्या खिशातून तर जात न्हाई ना?"

निबंध तसाच राहिला. म्हणजे — मी तसाच ठेवला. मालकांवर ढकलून मोकळा होणार होतो, पण घरी येऊन बायकोला सांगायला त्यांनी मला कुठे अडवलं होतं? दोन वाक्यांचं काम. मी गेलो नव्हतो, आणि सूर्य तिथे मावळतो. ती पुन्हा स्टेन्सिल लिहायला बसली होती. मी कपडे बदलले आणि जेवलो.

मग क्लासची लाट आली. नांदेड, परभणी, बीड, कुठून कुठून पोरं यायला लागली, गल्लीबोळांत खोल्या भाड्याने लागल्या. मला सबबींचा तुटवडा कधीच पडला नाही. उन्हाळ्यात व्हेकेशन बॅच. दिवाळीत रिव्हिजन. जूनमध्ये निकाल, सत्कार. तिकडे सगळी मासळी, आपल्याला खायला काय मिळणार. पल्लवीची दहावी. पल्लवीची बारावी. महानंदा दरवर्षी एकदाच विचारायची, "औंदा तरी जायचं का हो?" भांडायची नाही. भांडली असती तर कदाचित — नाही, हे ‘कदाचित’ माझ्या कामाचं नाही. पुढे पुढे तिने विचारणं सोडलं. मला हायसं वाटलं.

गेल्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. पुण्याहून पल्लवी आली, सगळे रिपोर्ट बघितले, आणि वेळ किती उरला ते तिला माझ्याआधी कळलं. तिने मला न विचारता तारकर्लीला खोली घेतली. समुद्रासमोरची. गाडी ठरवली, वाटेत मुक्काम कुठे करायचा तेही ठरवलं. "आईला सूर्योदय दाखवायचाय, बाबा. आता मला कारणं सांगायची नाहीत." आईसारखी गप्प बसणारी नाही ती.

मी म्हणालो, डॉक्टरांना विचारतो.

डॉक्टर म्हणजे अझहर. माझाच विद्यार्थी. त्याचे वडील आमच्या क्लासच्या नोट्सचं बाइंडिंग करायचे. बारावीला असताना अझहर आमच्या स्वयंपाकघरात बसून अभ्यास करायचा आणि महानंदाच्या हातची धपाटी खायचा. आता मोठ्या दवाखान्यात आहे. तिला शेवटपर्यंत त्यानेच तपासलं, तिचा हात हातात घेऊन काकू, काकू करत.

त्याला भेटून आलो आणि पुण्याला परतलेल्या पल्लवीला फोन केला. म्हणालो, डॉक्टर नको म्हणाले. इतका प्रवास झेपणार नाही, वाटेतच काही झालं तर जबाबदारी कोणाची. पल्लवी फोनवर रडली, मग चिडली. खोली सोडून दिली.

महानंदा शांत होती. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुमी तर पाह्यलाय ना? मला सांगा बसून." मी खुर्ची ओढून तिच्या उशाशी बसलो आणि तिला तो निबंध म्हणून दाखवला. पहाटेची वेळ होती. समोर अथांग सागर. मधलं एक वाक्य मला आठवेना. तिने डोळे मिटूनच ते सांगितलं — "‘दूरवर होड्यांची शिडे डोलत होती’ राहिलं की." मी ते म्हटलं आणि पुढे गेलो. पाण्यातून सूर्य वर काढला. पुढच्या आठवड्यात नर्स तिची सलाईन बदलत होती, तिला ती सांगत होती, "आमच्या सरांनी समुद्र पाह्यलाय, बाई. सूर्य पाण्यातून निघताना." अभिमानाने सांगत होती. मी खिडकीपाशी उभा होतो.

पल्लवी आता अझहरचं नाव काढू देत नाही. तो घरी आला तेव्हा ती आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. जाताना त्याने विचारलं, "सर, दीदी माझ्यावर नाराज आहे का? ट्रीटमेंटमध्ये माझं काही चुकलं का?" मी म्हणालो, नाही रे, ती दुःखात आहे. नातेवाइकांत ती सांगत असते, त्या डॉक्टरने आईची शेवटची इच्छा मारली. लोक माझ्याकडे बघतात आणि मी मान खाली घालतो. त्यांना ते दुःख वाटतं.

अझहर काय म्हणाला होता ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. त्याने रिपोर्ट बाजूला सारले, उठून टेबलाच्या अलीकडे आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "घेऊन जा सर," तो म्हणाला. "औषधं मी लिहून देतो, तिथल्या डॉक्टरशी बोलून ठेवतो, लागलं तर मी स्वतः येतो गाडीत. पण लवकर घेऊन जा. काकूंना एवढं बघू द्या."