त्यांच्या हाताचं माप

माधवनगरच्या आमच्या घरात, बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात, नवऱ्याच्या फौजेतल्या पदकांशेजारी एक निळा बोलिंगचा बॉल ठेवलाय. आलेला पाहुणा विचारतो, "ह्यो काय वो?" नवरा कौतुकानं सांगतो, "हिचा हाय. खेळायची ही." मी चहा टाकायला आत जाते. हिचा हाय म्हटलेलं ऐकलं की अजून माझं डोकं तडकतं.

बोलिंग मला ऑफिसमुळं कळलं. कुपवाडला एका कारखान्याच्या ऑफिसात मी काम करते. एका महिला दिनाला साहेबांना काय सुचलं कोण जाणे, गुलाबाचं फूल आणि सामोसा सोडून त्यांनी आम्हा बायकांना मॉलमध्ये खेळायला नेलं. लांब गुळगुळीत पट्टीवरून जड बॉल सोडायचा आणि टोकाला उभ्या केलेल्या दहा पिना पाडायच्या. बाकीच्या पदर सावरत हसत होत्या. माझा एक बॉल नेमका गेला आणि दहाच्या दहा आडव्या झाल्या. त्या आवाजानं जे सुख झालं, तसं लग्नानंतर कशानं झालं होतं ते आठवत नाही.

मग मी दर रविवारी जायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "नाकापरीस मोती जड झालाय." म्हणोत. स्वयंपाक उरकून मी स्कूटीला किल्ली लावायचे.

अडचण एकच होती, तिथले बॉल. हलक्या बॉलची भोकं पोरांच्या बोटांची, त्यात माझा अंगठा अडकायचा. अंगठा नीट बसेल असा बॉल घ्यावा तर तो पुरुषांच्या वजनाचा. एखाद्या पुरत्या वाढलेल्या बाईलाही हा खेळ खेळावासा वाटेल, हे बॉल मागवणाऱ्याच्या डोक्यातच आलं नसावं. माझं मनगट सुजायला लागलं. खेळ शिकवणारे सर तिथं असायचे. ते म्हणाले, "मॅडम, पुण्याला राज्याच्या संघाची निवड आहे. तुम्ही उतरा. पण स्वतःचा बॉल घ्या. हलका घ्या, पण खेळाडूचा घ्या."

हलका आणि तरी खेळाडूचा, हे शोधण्यात माझा अख्खा उन्हाळा गेला. चांगल्या बॉलच्या पोटात एक वेडावाकडा गाभा असतो. त्यामुळं तो सरळ जाता जाता शेवटाला वळतो आणि पिनांत तिरका घुसतो. पण बहुतेक कंपन्या वजन उतरलं की आत साधा गोल गाभा भरतात. रंग तोच, नाव तेच, किंमतही तीच. हलकं उचलणाऱ्याला आतलं काय कळतंय, असाच त्यांचा विचार असणार. वाचून माझा संताप व्हायचा. शेवटी एक सापडला. बारा पौंडांतही खरा गाभा ठेवलेला, निळाभोर. त्याचा फोटो मी मोबाइलवर इतक्या वेळा उघडून बघितला, की ऑफिसातल्या मैत्रिणी चिडवायला लागल्या.

पुण्याच्या दुकानात तो मिळत होता. खेळणाऱ्याच्या हाताचं माप घेऊन तिथंच बोटांची भोकं पाडून देतात. मी जाणारच होते, पण नवऱ्याचं पुण्यातच पेन्शनचं काम निघालं. तो म्हणाला, "कशाला हेलपाटा घालतीस? मी आणतो की." मी बजावलं, बाराच पौंड आणायचा, आणि भोकं पाडून घ्यायची नाहीत, त्यासाठी माझी मी जाईन. "व्हय, व्हय," म्हणाला.

त्यानं आणला तो पंधरा पौंडी. रंग तोच निळा. आणि भोकं पाडलेली.

"बारा पौंड पोरीबाळी उचलत्यात," तो म्हणाला. "आपल्या घरात गोटी उचलल्याली हाय."

ही गोटी म्हणजे माझ्या सासरी, कोरेगावजवळच्या गावात, मारुतीच्या देवळासमोर पडलेला गोल दगड. तालमीतला पोरगा तयार झाला की त्यानं तो खांद्यावर घ्यायचा. सासऱ्यांनी घेतला होता, ह्यानं भरतीला जायच्या आधी घेतला. त्या घरात हलकी वस्तू मागून आणायची म्हणजे मान खाली घालायची. दुकानात कुणी दोन वजनं समोर ठेवली असतील, तर ह्याचा हात आपोआप जडाकडं गेला असणार.

"आणि भोकं?" मी विचारलं.

"हाताचं माप पायजे म्हणला त्यो. तू काय तितं न्हवतीस. मग मी दिला हात." मग माझा चेहरा बघून फार मायेनं म्हणाला, "अगं, तुजा न माजा हात काय येगळा हाय का?"

"वेगळा आहे," मी म्हणाले. त्याला वाटलं मी भांडण उकरून काढतेय.

भोकं पाडलेला बॉल दुकानदार परत घेईना. भोकं बुजवून पुन्हा पाडता येतात, पण वजन उतरवता येत नाही. दुसरा मागवावा तर निवड तोंडावर आलेली. मी भोकांत चिकटपट्टीचे थर लावले आणि तोच बॉल घेऊन पुण्याला गेले. पहिले काही टाकले ते बरे गेले. मग मनगटात कळ आली, अंगठा निसटला आणि बॉल पट्टीवर धाडकन आदळून कडेच्या चरात गेला. सगळे वळून बघायला लागले. निवड करणाऱ्या बाई जवळ आल्या. त्यांनी बॉल उचलून भोकं बघितली आणि हळूच विचारलं, "ताई, हा तुमचा नाही ना?"

"घरचा आहे," मी म्हणाले. निवड झाली नाही.

त्या साली गावच्या जत्रेला नवरा तो बॉल गाडीत घालून घेऊन गेला. देवळासमोर जमलेल्या गड्यांनी तो हातोहात फिरवला. गोटीशेजारी तो खेळण्यासारखाच दिसत होता. एकानं एका हातात तोलला आणि म्हणाला, "लय हलका हाय की रं गड्या. ह्येच्यानं वैनींचा हात गेला व्हय?" सगळे हसले. नवराही हसला. बाकी सगळं मी कदाचित विसरेन, पण ते हसणं मी त्याला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

मी आता खेळत नाही. भाकरीचं पीठ मळताना मनगट दुखतं. काचेचं कपाट पुसायचं काम अर्थातच माझं. आधी पदकं पुसते, मग बॉल. चिकटपट्टी निघून गेलेल्या भोकांत धूळ बसते, म्हणून अंगठ्याला फडकं गुंडाळून आत घालते. फडक्यासकट घातला, तरी अंगठा कडेला लागत नाही.