पुलापलीकडची मुलं

पोटाला कान लावण्याआधी त्या पंखा बंद करायला लावत. बटण माझ्या टेबलामागे होतं. "ए इंग्लिश, पंखा!" एवढंच ओरडत. मी इंग्रजी शाळेत शिकलेली आणि कमी बोलणारी, म्हणून हे नाव. वाशीतल्या एका छोट्या प्रसूतिगृहात मी येणाऱ्यांची नावं लिहून घ्यायची. त्या तिथल्या सुईणबाई. खाडीकाठच्या गावातल्या. आमच्या इमारती त्यांच्याच भातशेतांवर उभ्या होत्या.

पंखा थांबला की त्या डावा हात वर करत. सगळा वॉर्ड गप्प. मग पोटावर कान, डोळे मिटलेले, आणि ओठ असे हलायचे, जणू आतून कुणी बोलतंय आणि या हुंकार देतायत. उठून सांगत, "अजून निंगालं नाय." कधी, "वाटेला लागलं." कळा वाढल्या की, "पुलावर आलं." म्हणजे आपल्या खाडीपुलावर. मूल पलीकडून चालत येतंय, असंच त्या बोलत. बायका हसायच्या. तुम्हीही हसला असता. मीही हसायची, पण बस पुलावरून जाताना खिडकीबाहेर बघायची नाही.

घाई त्यांना खपत नसे. कुणी सिझेरियनची भाषा काढली की म्हणत, "सुरी हाय म्हनून कापायचं? भाकर भाजली का बघायला तवा फोडता काय गं?" डॉक्टरीणबाई हसत, आणि बहुतेक वेळा थांबत.

माझ्या ताईच्या वेळी तिच्या सासूबाईंनी पंचांग उघडलं. गुरुवार सकाळचा मुहूर्त उत्तम. तेव्हाच सिझेरियन करा, नाहीतर आम्ही दुसरीकडे नेतो. ताई घाबरून तयारही झाली होती.

"पोराला इचारलं का?" सुईणबाई म्हणाल्या. मी पंखा बंद केला. या वेळी कान बराच वेळ टेकलेला राहिला.

"निंगालंच नाय. गुरवारी दार उघडलंत, तर दारात दुसरंच कोन उभं असंल."

ताईने माझा हात घट्ट धरला. गुरुवारला तिने नाही म्हटलं.

रविवारी दुपारी कळा सुरू झाल्या. सुईणबाई ताईची कंबर चोळत तिला चालवत होत्या. "पुलावर आलं," म्हणून हसल्याही. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा पंखा बंद करायला लावला. या वेळी ओठ हलले नाहीत. वर केलेला हात खाली येईना.

"थांबलंय. मधोमध. खालचं पानी बघतंय."

डॉक्टरीणबाईंनी ठोके ऐकायची नळी पोटाला लावली. ठोके मंदावत होते. त्यांचा चेहरा उतरला.

"बाय, आता काप," सुईणबाई म्हणाल्या. "आता वाट नको बघू."

भाची झाली. आधी निळसर, मग रडली. सासूबाई म्हणाल्या, "शेवटी कापावंच लागलं ना? मग गुरुवारी काय बिघडत होतं?"

सुईणबाई बाळाला पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गुरवारी ही नव्हती."

पुढच्या वर्षी त्या वारल्या. प्रसूतिगृहात ठोके दाखवणारं यंत्र आलं. तारखा आधी ठरू लागल्या.

आता माझे दिवस भरत आलेत. सगळं ठीक आहे, तरी नवे डॉक्टर म्हणाले, "शनिवारी सिझेरियन करून टाकू? तुम्हालाही सोयीचं." मी हो म्हणणार होते.

आज दुपारी भाची आली. शाळेत जायला लागलीय आता. त्या रविवारच्या धास्तीने सुईणबाईंचा विषय ताईला चालत नाही, त्यामुळे भाचीसमोर आम्ही तो कधीच काढत नाही. तिने खुर्ची ओढली, वर चढली आणि पंखा बंद केला. डावा हात वर केला. मग माझ्या पोटाला कान लावून डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते.

"मावशी," ती म्हणाली, "अजून निघालं नाही."

शनिवार नको, असं मी डॉक्टरांना कळवलंय. ती घरी गेली, तरी पंखा मी अजून लावलेला नाही.