आईसाठी केलेला करवंदांचा पाय

माझा धाकटा भाऊ सहा वर्षांचा असताना घटसर्पाने गेला. पौष महिना होता. त्यानंतर आई बोलेनाशी झाली. स्वयंपाक करायची, आम्हाला वाढायची, स्वतः मात्र दोन घास खाऊन उठायची. वडील कचेरीतून आले की तिच्यासमोर नुसते बसून राहत. वैशाख आला तरी तेच. मी बारा वर्षांची होते.

आम्ही तेव्हा बोरिवलीला राहायचो. शेजारच्या ख्रिस्ती मावशी दर मे महिन्यात करवंदांचा ‘पाय’ करायच्या. खालीवर मैद्याची पारी, मधे साखर घातलेली करवंदं. आदल्या वर्षी आईने तो चक्क दुसऱ्यांदा मागून खाल्ला होता. मी मावशींकडे गेले आणि म्हटलं, "मला शिकवा ना."

"शिकवते की. पण करवंदं तू आणायची, पोरी."

सकाळीच डोंगराच्या पायथ्याशी गेले. काट्यांनी हात ओरबाडले, बोटं चिकाने चिकट झाली. दर वर्षी भाऊ बरोबर असायचा. करवंद फोडायचं, आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, असा त्याचा खेळ चालायचा. त्या दिवशी मी एकही फोडून पाहिलं नाही.

"जास्त मळू नको, चिवट होतो," मावशी सांगत होत्या. मैद्यात लोणी चोळलं, थंड पाण्याने गोळा बांधला, करवंदांच्या बिया काढल्या. पातेल्यात तळाशी वाळू, तिच्यावर ‘पाय’ची थाळी, झाकणावर निखारे. तासाभराने वास सुटला. एका बाजूने पारी तडकून जांभळा रस बाहेर आला होता. "असू दे, चांगला झालाय," मावशी म्हणाल्या.

संध्याकाळी वडील आल्यावर मी तो आईपुढे ठेवला. तिने उठून सुरी आणली आणि चार तुकडे केले. चार बशा मांडल्या.

"हाक मार त्याला," ती मला म्हणाली. "गरम आहे तोवर खाईल."

इतक्या महिन्यांत ती एवढं बोलली नव्हती. मी वडिलांकडे पाहिलं. ते मान खाली घालून म्हणाले, "अगं, तो आता..."

आईच्या लक्षात आलं. तिचा चेहरा कसा झाला ते मला अजून सांगता येत नाही. तिने स्वतःची बशी बाजूला सारली, चौथीवर ताट झाकलं आणि ती फडताळात ठेवली. वडिलांनी एक घास तोंडात घातला आणि बशी खाली ठेवली. मी मात्र माझा तुकडा संपवला. फार चांगला लागला आणि त्याचीच मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मावशींनी विचारलं, "आईला आवडला का गं?"

"हो," मी म्हणाले.

झाकलेल्या बशीला मुंग्या लागल्या. आई कुणाला हात लावू देईना. तिसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेलेली पाहून वडिलांनी बशी गुपचूप बाहेर नेली. आईने येऊन फडताळ उघडलं, रिकामी जागा पाहिली आणि दार लावून घेतलं. त्या दिवसापासून ती आमच्या पंगतीलाही बसेनाशी झाली.