पावणेतीन तास मागे

एकाच वेळी दोन मुलखांत गैरहजर राहण्याची कला आमच्या साडूंइतकी वर्धा जिल्ह्यात कोणालाही साधली नाही. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करीत आहे. कारण त्यांच्याविषयी जी बेजबाबदार विधाने आर्वीपासून हिंगणीपर्यंत वर्षानुवर्षे केली जात आहेत, त्यांचा मला उबग आला आहे. या विधानांचे उगमस्थान म्हणजे आमचे हिंगणीचे मेहुणे, माझ्या पत्नीचे थोरले बंधू. कोणत्याही लग्नाच्या पंगतीत दुसऱ्यांदा भात वाढला गेला, की ते साडूंच्या घराच्या कर्जाची कथा सुरू करीत, आणि मठ्ठा येईपर्यंत त्या कथेत साडू वेडे, रोहण्याचे पाटील आंधळे, मी कपटी आणि मेहुणे स्वतः सर्वांचे तारणहार ठरलेले असत. वस्तुस्थिती अशी, की त्या दिवशी मेहुणे रोहण्यात नव्हतेच. मी होतो. आर्वीच्या कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहिण्यात माझे आयुष्य गेले आहे. ऐकीव गोष्ट अर्जात घालू नये, एवढे मला कळते.

साडू मूळचे रोहण्याचे, आणि नोकरीने मोंबाशाचे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील त्या बंदरात ते एका कंपनीत फिटर होते. तिकडे राहण्याचा आणि काम करण्याचा परवाना त्यांना दर खेपेस दोन वर्षांचा मिळे, आणि हा परवाना ते मेणकापडात गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात, छातीला लावून बाळगीत. तो दाखवण्याची त्यांना विलक्षण हौस होती. वर्ध्याच्या मोटारीत कंडक्टरने तिकीट मागितले तेव्हा त्यांनी परवाना पुढे केला. कंडक्टरने तो वरपासून खालपर्यंत वाचला, शिक्का उजेडात धरून पाहिला, अदबीने परत दिला आणि साडूंच्या ट्रंकेचे वेगळे भाडे घेतले. रजेवर आले की त्यांच्या प्रत्येक वाक्याचा आरंभ "आमच्या तिकडं" या शब्दांनी होई. आमच्या तिकडं आंबा असा, आमच्या तिकडं साहेब तसा. मोंबाशाला त्यांच्याबरोबर काम केलेला एक गृहस्थ मला पुढे भेटला. त्याच्याकडून कळले, की तिकडे असताना ते रोहण्याविषयी हेच बोलत. आमच्या तिकडं तूर अशी, आमच्या तिकडं ऊन तसे. सारांश, हा मनुष्य जिथे उभा असे ती जागा कधीच त्याची नसे.

या सर्वांवर कळस म्हणजे त्यांचे मनगटी घड्याळ. मोंबाशाची वेळ आपल्या वेळेच्या पावणेतीन तास मागे होती, आणि साडू रजेच्या तीन महिन्यांतही घड्याळ आपल्या वेळेवर आणीत नसत. "काऊन आणू? तीन महिन्यानं वापस फिरवाच लागते नं?" असा त्यांचा सवाल. परिणामी आपले बारा वाजले, की त्यांचे सव्वानऊ होत, आणि जेवणाला ते पावणेतीनला बसत. माझी मेहुणी, म्हणजे त्यांची पत्नी, तव्यावर तीच भाकर तिसऱ्यांदा शेकीत बसे. मी एकदा तिच्यासमक्ष त्यांना खडसावले. ते शांतपणे म्हणाले, "साडूभाऊ, तुमी जेवून घ्या. तुमची वेळ निंगून राह्यली."

आता मुख्य मुद्दा. लग्न झाल्यापासून माझी मेहुणी हिंगणीला भावाच्या घरी, धान्याच्या कोठीमागच्या एका खोलीत राहत होती. साडूंच्या कंपनीत एकट्यालाच राहण्याची सोय होती, आणि रोहण्याचे घर वडिलांच्या मृत्यूनंतर वाटणीत चुलत्यांकडे गेले होते. मेहुण्यांनी बहिणीला उपाशी ठेवले, असे मी म्हणणार नाही. ते फक्त घरी येणाऱ्या प्रत्येकाला, ती पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी असताना सांगत, "आठ वर्षं झाली, माह्याचकडे राह्यते." साडूंनी मागच्या रजेत वर्ध्याजवळ पिपरीला जागा घेऊन ठेवली होती. या रजेत तीच जागा गहाण ठेवून, कर्ज काढून, तिच्यावर घर उभे करायचे होते. तिने नवऱ्याला माझ्यादेखत एवढेच सांगितले होते, "या डाव मले माह्या चुलीवर सैपाक करू द्या. मंग तुमी आफ्रिकेत जा, नाई तं चंद्रावर जा."

कर्ज प्रथम त्यांनी मोंबाशातच मागून पाहिले होते. तिथल्या साहेबाने परवाना पाहून विचारले, की तू इथे दोन वर्षांचा पाहुणा, तुला दहा वर्षांचे कर्ज कोण देईल? आपल्या देशात माग. म्हणून त्यांनी आपल्या देशात मागितले. वर्ध्याच्या एका पतपेढीचे सेक्रेटरी म्हणजे चष्म्याच्या वरून पाहणारे गृहस्थ. त्यांनी अकराला बोलावले होते. साडू पावणेदोनला पोहोचले, कारण त्यांच्या घड्याळात तेव्हा अकरा वाजत होते. मी अकरापासून बाकावर बसून होतो, हे मेहुण्यांच्या कथेत कधी येत नाही.

"परवाना दोन वर्षांचा, कर्ज दहा वर्षांचं," सेक्रेटरी म्हणाले. "उरलेल्या आठ वर्षांचं काय?"

"परवाना वाढते नं साहेब."

"आणि नाही वाढला तर?"

"तं मी इथंच वापस येतो! मंग तं तुमाले मले पकडाले आखीन सोपं."

हे उत्तर तर्काला धरून होते, असे माझे आजही मत आहे. सेक्रेटऱ्यांना ते उद्धट वाटले. त्यांनी नियम दाखवला. कर्जदार जिल्ह्याचा कायम रहिवासी असला पाहिजे, आणि तसा पंचनामा त्याच्या गावच्या पाटलांच्या सहीने आला पाहिजे. जामीन म्हणून माझी सही त्यांनी तत्काळ घेतली. माझ्या राहण्याविषयी त्यांना शंका नव्हती, मी अकरापासून तिथेच होतो. पतपेढीची सभा पोळ्यानंतरच्या सोमवारी होती आणि साडूंचे जहाज त्याच आठवड्यात सुटणार होते. म्हणजे पंचनामा पोळ्याच्या सुट्टीत मिळाला तर घर, नाहीतर माझ्या मेहुणीला कोठीमागची खोली आणखी दोन वर्षे. इथे एक गोष्ट नमूद करतो. त्याच्या आदल्याच वर्षी आम्ही सगळे आपापल्या ओट्यावरून न हलता मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो होतो. कोणी आम्हांला परवाना विचारला नाही. आणि तोच समाज आता एका मनुष्याला विचारीत होता, की बाबा, तू नेमका कुठला?

रोहण्याचे पाटील वयोवृद्ध, ताठ आणि कमी बोलणारे. त्यांच्यासमोर साडूंनी नेहमीप्रमाणे परवाना ठेवला. पाटलांनी त्याला हातही लावला नाही.

"हा तिकडचा कागद झाला. इकडचं काय हाय तुह्याकडे?"

"माहा जन्म इथचा, पाटील."

"जन्म तं कावळ्याचाबी इथंच होते. पोळ्याच्या तोरणाखाली ज्याची जोडी उभी राह्यते, तो गावचा. तुही जोडी कुठं हाय?"

साडूंच्या वडिलांची जोडी केव्हाच विकली गेली होती. तरीही हा मनुष्य पोळ्याच्या सकाळी, डोक्यावर साहेबी टोप घालून, बैलजोडी उसनी मागत गावात फिरला. ज्याने आमच्या भागात एक पोळा पाहिला आहे, त्याला या मागणीचा वेडेपणा सांगावा लागणार नाही. त्या दिवशी धनी बैलाला न्हाऊ घालतो, शिंगे रंगवतो, झूल चढवतो, स्वतःच्या हाताने पुरणपोळी भरवतो. तो बैल दुसऱ्याच्या हाती देईल कोण? सहा दारी नकार मिळाला. सातव्या दारी एक म्हातारा कळवळून म्हणाला, "बाप्पा, घर मांग. पण आज बैल नको मांगू." त्या संध्याकाळी तोरण तुटले, साऱ्या गावच्या जोड्या वाजतगाजत गेल्या, आणि साडू देवळाच्या भिंतीला पाठ लावून पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. मोठ्यांचा पोळा संपला, की हा लेकरांचा. लाकडी बैलांना चाके लावून, झुली घालून मुले ते देवळासमोर आणतात. पाटील एकेकाला "कोनाचा रे तू?" असे विचारतात, मूल बापाचे नाव सांगते, आणि त्याच्या हातावर पैसा आणि खाऊ पडतो. त्याला आमच्याकडे बोजारा म्हणतात. मेहुण्यांच्या कथेनुसार साडूंना तान्ह्या पोळ्यात उभे करण्याची युक्ती माझी. हे धादांत असत्य आहे. मी एक प्रतिज्ञापत्र तयार केले होते. त्यात अकरा कलमे होती आणि ते उत्तम होते. साडूंनी ते वाचलेसुद्धा नाही.

दुसरे असत्य गेंड्याचे. साडूंनी नव्या घराच्या कोनाड्यात ठेवण्यासाठी मोंबाशाच्या एका कारागिराकडून काळ्या लाकडाचा बैल कोरून आणला होता. जहाजात त्याचे एक शिंग मोडले. मेहुणे सांगतात, की तो बैल नव्हताच, गेंडा होता, आणि आमच्या साडूंनी रोहण्याच्या पोळ्यात गेंडा नाचवला. तो प्राणी मी माझ्या मांडीवर घेऊन आर्वीहून रोहण्याला नेला आहे. त्याला वशिंड होते. गेंड्याला वशिंड असल्याचे मेहुण्यांनी सिद्ध करावे, मी लेखणी खाली ठेवीन. साडूंनी त्याला दोऱ्याच्या रिकाम्या रिळांची चाके बसवली, मेहुणीने आपल्या जुन्या चोळीची झूल शिवली, आणि मोडलेल्या शिंगाच्या जागी शेंदराचा ठिपका लावला.

आणि अर्थातच ते उशिरा आले. मुले पांगत होती, पाटलांच्या हातातली पैशांची पिशवी रिकामी होत आली होती. तेवढ्यात देवळाच्या वळणावरून रिळांचा खडखडाट ऐकू आला. बेचाळीस वर्षांचा मनुष्य, पायात बूट, डोक्यावर टोप, दोरीने एकशिंगी बैल ओढीत येऊन रांगेच्या शेवटी, एका पाच वर्षांच्या मुलीच्या मागे उभा राहिला. लोक हसले. मीही हसलो. जे केले ते लिहिले पाहिजे. मेहुणी बायकांत उभी होती. तिने पदर तोंडाशी धरला नाही. ती नवऱ्याकडे पाहत राहिली.

पाटील रांगेने येत येत त्यांच्यापुढे थांबले. मेहुणे म्हणतात पाटलांना दिसत नव्हते, मोतीबिंदू होता, त्यांनी साडूंना पोरगा समजून विचारले. ज्या पाटलांनी दुसऱ्याच दिवशी अर्ध्या कोसावरून आपल्या तुरीत शिरलेली परकी गाय ओळखली, त्यांना समोरचा पाच फूट आठ इंचांचा फिटर दिसला नाही? पाटलांनी पाहून, समजून विचारले.

"कोनाचा रे तू?"

साडूंनी सवयीने तोंड उघडले, "आमच्या तिकडं..." आणि ते थांबले. त्यांचा हात बंडीच्या खिशाकडे गेला, आणि परवाना न काढताच परत आला. मग त्यांनी टोप काढून काखेत धरला.

"म्हादेवाचा," ते वडिलांचे नाव घेऊन म्हणाले.

"म्हादेवाचा? मंग येवढा वेळ कुठं होता बे?"

"उशीर झाला, पाटील."

पाटलांनी त्यांच्या हातावर पैसा ठेवला, वर मूठभर मुरमुरे ठेवले, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आन तो कागद. दस्तखत कुठं करू?" देवळाच्या पायरीवर पंचनामा झाला. मजकूर माझा, त्यात एक अक्षरही खोटे नाही. सोमवारी कर्ज मंजूर झाले. बोजाऱ्याचा तो पैसा साडूंनी मेणकापडात परवान्याशेजारी ठेवला, आणि त्याच आठवड्यात ते जहाजावर चढले.

त्यांच्या माघारी पिपरीचे घर मेहुणीने स्वतः गवंड्यांशी भांडून बांधून घेतले. दोन खोल्या, पडवी, आणि तिची चूल. परंतु घरासाठी घेतलेले कर्ज फेडायला साडूंना दहा वर्षे मोंबाशालाच राहणे भाग होते. हा हिशेब मी जामीनदार असूनही सही करताना माझ्या ध्यानात आला नव्हता. तिच्या मात्र आला असावा. पहिल्यांदा त्या घरी गेलो तेव्हा भिंतीवर नवे घड्याळ होते आणि ते पावणेतीन तास मागे होते. चुकीची वेळ मला सहन होत नाही. मी स्टुलावर चढून काटे नीट केले. पुढच्या खेपेस पाहतो, तर पुन्हा मागे. मी पुन्हा चढू लागलो, तेव्हा ती म्हणाली, "असू द्या भाऊजी. बिघडलं नाई ते. तिकडं आता ते सकाळच्या पाळीवर निंगाले असतीन."

दोन वर्षांनी परवाना वाढवून साडू रजेवर आले, तेव्हा स्टेशनवर मीच गेलो होतो. त्यांनी आपले घर प्रथमच पाहिले. उंबऱ्यात उभे राहून, ट्रंक हातातच ठेवून, त्यांनी कोनाड्यातल्या एकशिंगी बैलाकडे पाहिले, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, मग मनगटाकडे. दोन्हींत बारा वाजत होते.

"बराबर हाय," ते म्हणाले, आणि ट्रंक खाली ठेवली.

"मंग बसा," मेहुणी म्हणाली. "जेवाची वेळ झाली." भाकर तव्यावर पहिल्यांदाच शेकली जात होती. मी दुपारी बाराला, म्हणजे खऱ्या बाराला, पोटभर जेवून निघालो होतो. तरीही तिने तिसरे पान मांडले आणि मी मुकाट्याने त्यावर बसलो. हे जेवण मेहुण्यांच्या कथेत नाही. ते तिथे नव्हते. मी होतो.