अर्ध्या खुराकावर

उंदराचा डबा तराजूवर ठेवला की मामा आकडा लगेच सांगायचे नाहीत. दोन्ही हात पाठीमागे बांधून काटा थांबायची वाट बघत उभे राहायचे. विद्यार्थ्यांनी घाई केली तर म्हणायचे, "बघितल्याबिगर बोलू नये. काटा अजून हलतोय."

साताऱ्याच्या एका कॉलेजात मी तेव्हा प्राणिशास्त्र शिकवायला नुकताच लागलो होतो. नव्वदीच्या दशकाची सुरुवात होती. मामा आमच्या प्रयोगशाळेतले अटेंडंट. वयाने माझ्या वडिलांच्या जवळपासचे, मूळचे आष्ट्याचे, शिक्षण सातवीपर्यंत. अंगाने इतके बारीक की खाकी शर्ट त्यांच्यावर टांगल्यासारखा दिसायचा. मागच्या खोलीत पांढऱ्या उंदरांचे पिंजरे होते, ते सगळे त्यांच्या ताब्यात. कुठली मादी कधी व्यायली, कोण कोणाचं पिलू, हे रजिस्टर न उघडता सांगायचे. आम्ही प्राध्यापक मंडळी त्या खोलीत नाकाला रुमाल लावून जायचो.

मामांना एकच मुलगी, मंगल. अकरा-बारा वर्षांची. आई औद्योगिक वसाहतीत पॅकिंगच्या कामाला जायची, म्हणून शाळा सुटली की मंगल प्रयोगशाळेच्या पायरीवर येऊन बसायची आणि गृहपाठ करायची. आईबाप दोघं काडीसारखे आणि मुलगी मात्र खूप जाड. चार पायऱ्या चढली की धाप लागायची. आमचे विद्यार्थी येता-जाता म्हणायचे, "मामा, तुमचा डबा कोण खातं ते आज कळलं." मामा हसल्यासारखं करायचे. मंगल वहीतून मान वर काढायची नाही.

एकदा त्यांनी मला विचारलं. मी पेपर तपासत होतो. ते टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"सर, तुमी शरीराचं शिकवता. आमची मंगल अशी का असंल?"

ती काय खाते, किती खाते, केव्हापासून अशी आहे, यातलं काहीही मी विचारलं नाही. लाल पेन हातात तसंच धरून म्हणालो, "मामा, यात अवघड काय आहे? जास्त खाल्लं की चरबी साठते. दोन भाकऱ्या खात असेल तर एक द्या, एक खात असेल तर अर्धी. लाड कमी करा."

बघितल्याबिगर बोलू नये, असं ते त्या वेळी म्हणाले नाहीत. म्हणायला हवं होतं. म्हणाले, "तुमी म्हणता तसं करतो."

आणि त्यांनी तसं केलं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. शिकलेल्या माणसाचा शब्द ती अंगठा उठवल्यासारखा मान्य करतात. मंगलला अर्धी भाकरी मिळू लागली. स्वयंपाकाच्या कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली मामांच्या करदोट्याला आली. पोर पायरीवर बसायची, पण वही उघडायची नाही. एकदा तिने शेजारणीच्या सुपातले मूठभर शेंगदाणे उचलले. शेजारीण तिला दंडाला धरून दारात घेऊन आली आणि मामांनी आयुष्यात पहिल्यांदा मुलीवर हात उचलला. पुढच्या आठवड्यात शाळेत प्रार्थनेच्या रांगेत मंगल चक्कर येऊन पडली.

हे मला मामांनीच सांगितलं, पिंजऱ्यांतला भुसा बदलता बदलता. डॉक्टर म्हणाले होते, पोर अशक्त झाली आहे, तिला नीट जेवू घाला. वजन मात्र जेमतेम किलोभर उतरलं होतं.

मी तेव्हा गप्प बसलो असतो तरी पुष्कळ होतं. पण मी म्हणालो, "ती चोरून खात असणार, मामा. एवढं वजन हवेवर राहत नाही."

ते भुशाची बादली उचलून बाहेर गेले.

त्याच सुमारास उंदरांच्या एका वेतात एक पिलू वेगळं निघालं. महिन्याभराचं झालं तेव्हापासून ते फुगत चाललं होतं. मामांनी ते वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं. मला काही म्हणाले नाहीत. बऱ्याच दिवसांनी एकदा तास संपल्यावर दारात आले. "सर, जरा मागं येता?"

दोन पिंजरे शेजारी शेजारी मांडले होते. एकात सडपातळ उंदीर, चपळ. दुसऱ्यात तो जाड, कोपऱ्यात बसून राहिलेला.

"ह्ये दोघं भाऊ हायेत. ह्याला पोटभर देतोय. ह्या जाड्याला त्याच्या निम्मं. महिना झाला. रोज वजन करून घालतोय." त्यांनी वहीचं पान पुढे केलं. "तरीबी ह्योच जाड. नुसता बसून राहतोय, गार पडलाय. आंग काही खर्चच करंना. हालायचं सोडील, पर चरबी सोडंना."

मी पान बघत होतो.

"पिंजऱ्याला कडी हाय, सर," मामा हळू आवाजात म्हणाले. "ह्यो कुठनं चोरून खाईल?"

त्यांनी पलीकडच्या पिंजऱ्याकडे बोट केलं. "आईबाप बघा त्याचे. दोघंबी बारीक. आमच्यावानी."

मी म्हणालो, "मामा, एका उंदरावरून काही सिद्ध होत नाही."

शास्त्राच्या दृष्टीने ते वाक्य बरोबर होतं. आजही मी ते वर्गात शिकवतो.

"व्हय," मामा म्हणाले. "उंदीर एकच हाय. पोरगीबी एकच हाय माझी."

त्यांनी तिथेच त्या जाड उंदराची वाटी काठोकाठ भरली. घरचं कुलूपही त्याच दिवशी निघालं, असं नंतर कळलं. माझ्याशी ते पूर्वीसारखेच वागत राहिले. नमस्कार करायचे, चहा आणून द्यायचे. फक्त विचारायचे काही नाहीत. वर्षभराने त्यांनी संस्थेच्या सांगलीच्या शाळेत बदली मागून घेतली. ते गेले त्या आठवड्यात मी परीक्षेच्या कामाला बाहेरगावी होतो. परत आलो तेव्हा पिंजऱ्यांपाशी दुसरा माणूस होता.

काही वर्षांनी उजळणी वर्गासाठी पुण्याला गेलो असताना तिथल्या ग्रंथालयात एक लेख हाती लागला. जाड उंदरांवरचाच. चरबी नुसती साठून राहत नाही, ती मेंदूला निरोपही धाडते की आता पुरे. त्या निरोपाचं जनुक बिघडलं, तर अंगावर कितीही चरबी असली तरी मेंदूला आपण उपाशी आहोत असंच वाटत राहतं आणि शरीर असेल नसेल ते राखून ठेवतं. बारीक आईबापांकडूनही ते पिलात उतरू शकतं. पुढे आणखी एक गोष्ट होती. शरीरात काही मूळ पेशी असतात, काय व्हायचं ते त्यांचं पक्कं ठरलेलं नसतं. कुठली जनुकं चालू होतात, कुठली बंद राहतात, त्यावर त्यातल्या किती चरबीच्या पेशी होणार ते ठरतं. मंगलचं नेमकं हेच होतं का, ते मला आजही माहीत नाही. पण भाकरी मोजून सुटावं इतकं ते गणित सोपं नव्हतं.

लेखाची झेरॉक्स काढली आणि साताऱ्याला आणून कपाटात ठेवली. सांगलीला जायचं तीन-चार वेळा ठरवलं. तोंडी परीक्षा, मग लग्नसराई, मग पाऊस. गेलो तेव्हा शाळेतल्या कारकुनाने सांगितलं, मामा श्रावणात काविळीने गेले. घरची माणसं आष्ट्याला असतात.

तिथून आष्ट्याची एसटी धरली. पत्ता विचारत गेलो. दार मंगलनेच उघडलं. पंधरा-सोळा वर्षांची झाली होती, तशीच जाड. शिलाई मशीनवर परकर शिवत होती. मला ओळखलं.

"बाबा न्हाईत, सर."

"कळलं मला. शाळेत जाऊन आलो."

तिची आई रानात कामाला गेली होती. मी खाटेवर बसलो, झेरॉक्स काढली आणि जमेल तितक्या सोप्या शब्दांत तिला सांगितलं. शेवटी म्हणालो, "तुझी चूक नव्हती, मंगल. मी चुकीचं सांगितलं होतं तुझ्या बाबांना."

तिने शांतपणे ऐकून घेतलं. "बाबांनी सांगितलं हुतं मला. तवाच. उंदराचं बी सांगितलं हुतं." मग तिने विचारलं, "ह्याच्यावर औषध निघालंय का?"

"नाही. अजून नाही."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली.

पोहे परतल्याचा वास आला. थोड्या वेळाने ती बाहेर आली ती एकच बशी घेऊन. चुलीवरच्या कढईत आणखी पोहे होते, मला बसल्या जागेवरून दिसत होते.

"तुलाही घे की."

"माझं झालंय."

"थोडे तरी. माझ्याबरोबर."

"न्हाई सर," ती म्हणाली. "कुणाच्या म्होरं मी खात न्हाई."

ती मशीनपाशी जाऊन बसली आणि शिवण पुढे ओढली. मी बशी संपवेपर्यंत तिने माझ्याकडे पाहिलं नाही.