मोकळ्या दुपारच्या आक्का

आक्का खुर्चीवर बसायच्या त्या फक्त ती डुगडुगते का हे बघायला. बघून झालं की उठायच्या आणि पुढच्या खुर्चीकडे वळायच्या. आमच्या मराठी ब्लॉग लिहिणाऱ्यांचा वार्षिक मेळावा कोल्हापुरात एका शाळेत भरतो. तिथं सहा वर्षं मी त्यांना बघितलं, पण दोन मिनिटं सलग एका जागी बघितल्याचं आठवत नाही. नुसतं त्यांच्याकडे बघून मला धाप लागायची. त्यात वेळापत्रक माझ्याकडे. मी गणिताचा मास्तर. रकाना रिकामा दिसला की मला चैन पडत नाही, आणि आक्कांना तो भरलेला दिसला की त्यांना चैन पडायचं नाही.

आक्का मूळच्या नेसरीच्या. साठी ओलांडलेली, घरातच शिवणक्लास. त्यांचा ब्लॉग होता ब्लाउज, झबली आणि टोपड्यांच्या कटिंगवर. मेळाव्यात आम्ही बहुतेक कवी, गडकोट फिरणारे आणि माझ्यासारखे कोडी घालणारे. आम्ही त्यांच्या विषयाला गालातल्या गालात हसायचो. पण आमच्या सगळ्यांच्या लेखांवर मिळून जेवढ्या प्रतिक्रिया येत नसत, तेवढ्या त्यांच्या एका बाहीवर यायच्या. बायका विचारायच्या, "आक्का, गळा खांद्यावरून उतरतोय, काय करू?" आक्का प्रत्येकीला उत्तर द्यायच्या, आणि बहुतेक वेळा झापूनच. "माप घेतलंसा का अंदाजानं बेतलंसा? टेप काय देवापुढं ठिवलाय?" खाली मग नीट उत्तर असायचं, इंचासकट.

मोकळी दुपार ही त्यांचीच कल्पना. पहिल्या वर्षीच्या बैठकीत कार्यक्रमपत्रिका तयार होती: उद्घाटन, प्रमुख पाहुणे, मनोगत, सत्कार, पुन्हा मनोगत. आक्का उभ्या उभ्याच म्हणाल्या, "पावण्यास्नी गावोगावनं बोलवायचं आणि दिवसभर तोंड उघडू द्यायचं न्हाय, ही कुठली रीत? एक दुपार मोकळी सोडा की. आलेल्यांनीच सांगावं आपापलं. ज्येला सांगायचं हाय त्यानं सकाळी फळ्यावर चिठ्ठी लावायची. दुपारी सर त्येंच्या तासाच्या तक्त्यात बसवतील." सर म्हणजे मी. आमचे अध्यक्ष सत्कारप्रेमी गृहस्थ. त्यांनी अट घातली, की अकरापर्यंत आठ चिठ्ठ्या लागल्या नाहीत, तर ती दुपार सत्कारांना. दर वर्षी हीच अट, आणि दर वर्षी आक्का त्या दुपारसाठी जिवाचं रान करायच्या.

त्या पहिल्या सकाळी साडेदहापर्यंत फळा कोरा. आपल्याकडे स्वतः होऊन "मी बोलतो" म्हणायला माणूस लाजतो. शेवटी एक चिठ्ठी लागली, ती "कुलकर्णी सरांनी बोलावे" अशी, आणि कुलकर्णी सर "छे छे" म्हणत मागच्या दाराने बाहेर. आक्का कडाडल्या, "लगीन तुमचं आणि मुंडावळ्या शेजाऱ्याला बांधतासा व्हय?" मग मुकाट्याने मागच्या वर्गात गेल्या, खोट्या नावाने एक चिठ्ठी लिहिली आणि फळ्याच्या मधोमध टाचली. विषय होता "आमच्या म्हशीची दिनचर्या". लोक वाचून हसले. असल्या विषयाला जागा मिळते तर आपण काय वाईट, असं म्हणत एकेक जण पुढे झाला. अकराला फळा भरला. तेव्हापासून दर वर्षी सगळ्यांत आधी आक्कांची नमुन्याची चिठ्ठी लागायची, आणि फळा भरला की जागा करण्यासाठी ती काढून टाकायची माझ्याकडे जबाबदारी.

दुसऱ्या वर्षी मी शहाणपणा केला. चिठ्ठ्या फार झाल्या म्हणून सांगितलं, जे ऐकायचंय त्या चिठ्ठीवर पेन्सिलीने खूण करा. तासाभराने बघतो तर प्रत्येक चिठ्ठीवर प्रत्येकाची खूण. कुणाला वाईट वाटायला नको म्हणून सगळ्यांनी सगळ्यांना मत दिलं होतं. मी डोकं धरून बसलो. आक्कांनी फळ्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "सर, हे मतदान न्हाय, हळदीकुंकू झालं." मग मोठ्याने ओरडल्या, "खुर्च्या कमी हायत! ज्येची उभं ऱ्हाऊन ऐकायची तयारी हाय, त्यानंच हात वर करा." मी एकेक चिठ्ठी वाचत गेलो, पाच मिनिटांत निकाल लागला.

इचलकरंजीचे एक गृहस्थ यायचे. यंत्रमागावर पाळी करून उरलेल्या वेळात लिहिणारे. त्यांनी एका वर्षी चिठ्ठी लिहिली, फाडली, पुन्हा लिहिली, पुन्हा फाडली. आक्कांनी टोपलीतून तुकडे काढले, पदराला लावलेल्या टाचण्यांनी जोडले आणि फळ्यावर लावले. त्या माणसाने मागाच्या खडखडाटात वाक्य डोक्यात कसं धरून ठेवायचं यावर अर्धा तास सांगितलं. आम्ही सगळे खुर्च्या पुढे ओढून ऐकत होतो. आक्का मात्र दारात उभ्या राहून दुसऱ्या खोलीत चहा पोचला का ते बघत होत्या.

स्वतः त्या कधी बोलल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणायच्या, "मी बोलाय लागलो तर खुर्च्या कोण बघनार?" आमच्याकडच्या बायका बोलतात तशा त्या स्वतःबद्दल "मी आलो, मी गेलो" असंच बोलायच्या. मलाही त्यांचं म्हणणं पटायचं. खरं सांगायचं तर मला ते सोयीचं होतं.

गेल्या वर्षी दहालाच फळा भरला. जागा बारा आणि चिठ्ठ्या अठरा. मी कात्री, टाचण्या आणि घड्याळ घेऊन कामाला लागलो. कोपऱ्यात आक्कांच्या अक्षरातली एक चिठ्ठी होती, नाव नसलेली: "लिहिणारं माणूस गेल्यावर तिथं उत्तर कोण देणार?" मला वाटलं, या वर्षीचा नमुना जरा गंभीर दिसतोय. काढली आणि खिशात टाकली. तिच्या जागी रानभाज्यांची चिठ्ठी लावली.

तीन वाजता आक्का चित्रकलेच्या वर्गाबाहेर दिसल्या. आत रानभाज्या रंगात आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "माझी चिठ्ठी कुठं गेली, सर?"

"नमुन्याची ना? काढली की नेहमीसारखी."

 "औंदा नमुना लावलाच न्हवता," म्हणाल्या, आणि कप कमी पडलेत म्हणून चहाकडे निघून गेल्या.

खिशातली चिठ्ठी काढून मी पुन्हा वाचली. मी तक्ता उलटासुलटा केला. एक खोली मोकळी नाही, एक मिनिट रिकामं नाही. माझ्या सगळ्या आयुष्यातलं सगळ्यांत नेटकं वेळापत्रक. अध्यक्षांकडे समारोपातली दहा मिनिटं मागितली, तर ते म्हणाले, "पुढच्या वर्षी पहिलं सत्र आक्कांचंच. शब्द देतो." मी भांडलो, ते हसले. आक्कांची नेसरीची गाडी साडेपाचला. समारोप अर्ध्यावर सोडून, हाताला लागतील त्या चौघांना घेऊन मी स्टँड गाठलं.

फलाटावर त्या पिशवी खांद्याला लावून येरझाऱ्या घालत होत्या. आम्हाला बघून भडकल्या. "आता कशाला आलासा?"

"सत्राला. बोला."

"हितं?"

"आम्ही उभं राहून ऐकायला तयार आहोत."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "चूक माझीच हाय. सहा वर्सं लोकांस्नी शिव्या घातल्या, नावं लिवा म्हणून. आणि माझं नाव लिवायला माझाच हात उठंना." पुढचं त्यांनी घाईघाईने सांगितलं, कारण गाडी कधीही लागली असती. दुखणं निघालं होतं. डॉक्टर म्हणाले होते, औंदाचं औंदा बघा. मरणाचं त्यांना काही वाटत नव्हतं. काळजी होती ती प्रतिक्रियांची. "एखादी बाई सणाच्या आदल्या दिवशी कापड फाडून बसत्याय आणि मला इचारत्याय. तिला उत्तर आलं न्हाय तर ती काय करनार? कुणीतरी तिथं पायजे."

गाडी लागली. कंडक्टर ओरडायला लागला. आक्का आत चढून खिडकीशी गेल्या आणि काच सरकवून तिथूनच सुरू झाल्या. "हार घातलेला फोटो लावायचा न्हाय. कविता तर न्हाईच न्हाई. निस्ती उत्तरं द्यायची."

"आक्का, मला शिवणातलं काय कळतंय?"

"इचारून द्या की! कोल्हापुरातलं शिंपी काय संपलं व्हय?" गाडी हलली तरी त्यांचं बोलणं चालूच होतं. शेवटचं आम्हाला कुणालाच ऐकू आलं नाही.

चार महिन्यांत आक्का गेल्या. पंधरा दिवसांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. ब्लॉगचा पासवर्ड माझ्याकडे द्यायला आक्कांनी सांगून ठेवलं होतं. तेव्हापासून मी उत्तरं देतो. आमच्या गल्लीतल्या शिंप्याकडे वही घेऊन जातो. पहिल्या दिवशी त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "कुणाचं हो ब्लाउज, सर?" आता त्याला सवय झाली आहे. खातं आक्कांचं, त्यामुळे उत्तराखाली नावही आक्कांचंच येतं. ते मला टोचत होतं, पण बदलावंसंही वाटत नव्हतं. तेवढ्यापुरत्या त्या आहेत असं वाटायचं. आक्का गेल्याचं मी तिथं कुठंच लिहिलं नाही. हे मी त्यांच्यासाठी करतोय, असं स्वतःला सांगत राहिलो.

गेल्या आठवड्यात शिरोळच्या एका बाईंनी लिहिलं: "आक्का, इतक्या दिवसांत तुमी एकदाबी मला वरडला न्हाईसा. बऱ्या हायसा न्हवं? बाही अजून काखंत ओढत्याय."

दुसऱ्या दिवशी वर्गात गणित चुकलं, ते पोरांनी दाखवून दिलं. शिंप्याकडे दोनदा जाऊन आलो. तो म्हणाला, मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो गोल, आखूड पडलाय. उत्तर मिळालं होतं, पण लिहायला हात उठत नव्हता. खोटं किती दिवस चालवायचं, आणि खरं सांगितलं तर ती बाई पुन्हा येईल का, एवढंच डोक्यात फिरत होतं. काल सकाळी चहा निवत ठेवून मी लिहिलं:

"ताई, आक्का गेल्या. मी त्यांच्या मेळाव्यातला एक मास्तर. एवढे दिवस मीच उत्तरं देत होतो, माफ करा. मुंढा पाव इंच खोल घ्या. जमलं नाही तर इथंच विचारा."