काकूने ब्रेकचं तेल बदललं, त्याची हकीकत

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

शेजारणीने मोबाइलवर काढलेला तो छोटा व्हिडिओ तुमच्यापर्यंत पोचला आणि लगेच तुमचा फोन आला. आजोबा आणि काकू भांडत का आहेत, असं तुम्ही विचारलंत. व्हिडिओत दिसतं ते एवढंच, की आजोबा पिकअपच्या ड्रायव्हरच्या जागेवर ताठ बसले आहेत, काकूचे फक्त पाय गाडीखालून बाहेर आले आहेत आणि दोघं एकमेकांवर ओरडताहेत. फोनवर मला इतकं हसू येत होतं की काही धड सांगता आलं नाही. म्हणून आज सकाळची कामं उरकून लिहायला बसले आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, पण तुम्ही मराठी वाचायला शिकता आहात, तर हे मराठीतच वाचा. अडलं तर आईला विचारा.

आधी गाडीचं सांगते. आपली पिकअप काकूच चालवते, हे तुम्हाला माहीत आहे. काका मुकुटबनकडे नोकरीला असतात, रविवारी तेवढे घरी येतात. त्यामुळे आपलं आणि गावातल्या चार घरांचं सोयाबीन, कापूस, तूर दारव्ह्याच्या बाजारात पोचवायचं काम काकूकडे आलं. सुरुवातीला लोक हसले. आता सुगीत आमच्या फाटकाशी माणसं तिला विचारायला उभी असतात. ती गाडीत बसली की तिची मान ताठ होते, मी ओट्यावरून पाहते ना.

तर व्हिडिओ काढला त्या आठवड्यात दारव्ह्याच्या अलीकडच्या उतारावर, मागे सोयाबीनची पोती भरलेली असताना, तिने ब्रेक दाबला आणि पेडल थेट खाली गेलं. तिने गिअर उतरवत, हँडब्रेक ओढत गाडी रस्त्याकडेच्या गिट्टीच्या ढिगात घातली. कुणाला खरचटलंही नाही. गाडी थंड झाल्यावर पेडल थोडं वर आलं आणि ती हळूहळू घरी आली. अंगणात उतरल्या उतरल्या तिने सगळं मला सांगितलं.

आजोबांनी ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "तिले सांग, आता पुरे. गाडी विकून टाकतो. नेरचा एक जन मागूनच राह्यला, त्याले परवा बोलावतो."

काकू तिथेच उभी होती, चार हातांवर. तरी ते मला म्हणाले, कारण आमच्याकडे सून सासऱ्याशी थेट बोलत नाही. हा राग नव्हे, रुसवा नव्हे. ती या घरात आल्यापासून तसंच चालत आलं. तिला काही हवं असलं तर ती मला सांगते, मी आजोबांना सांगते, त्यांचं उत्तर मी तिला सांगते. दोघांनाही एकमेकांचं सगळं ऐकू येत असतं. तुमची आईही सूनच, पण परदेशी गेल्यामुळे ती फोनवर त्यांच्याशी मोकळं बोलते, ते सुख काकूच्या वाट्याला आलं नव्हतं.

काकू मला आत्याबाई म्हणते आणि आजोबांना मामाजी; ती म्हणाली, "आत्याबाई, मामाजीले म्हना, गाडीत खोट नाही. तेल जुनं झालं असंन. मले एक दिवस द्या."

"उद्याचा दिवस घे म्हनावं," आजोबा म्हणाले. "पेडल कडक झालं नाही तर नेरचा घेऊन जाईन."

मेकॅनिकला फोन केला. सुगीच्या गर्दीत तो दोन दिवस यायला तयार नव्हता, आणि बिनब्रेकची गाडी त्याच्यापर्यंत न्यायची कशी? तेव्हा काकूच म्हणाली, की मीच करते. तिचे वडील नेरकडे जीप चालवायचे. ब्रेकचं तेल बदलताना ते खाली झोपायचे आणि पेडल दाबायला लेकीला बसवायचे. म्हणजे वरचं काम तिला पाठ होतं, खालचं कधी केलं नव्हतं. काकांनी फोनवरून रविवारपर्यंत थांबायला सांगितलं. तिने नुसतं "बरं" म्हटलं आणि सकाळी काळीपिवळी, म्हणजे भाड्याची जीप पकडून दारव्ह्याहून तेलाचा सीलबंद डबा घेऊन आली. एरवी त्याच जिपांना ती मागे टाकते.

मी तोवर गाडीसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक काढून वाचलं होतं. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषून घेतं. वर्षं गेली की त्यात पाणी साठतं, ब्रेक तापला की त्याची वाफ होते आणि पेडल पोकळ पडतं. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावं. आम्ही गाडी घेतल्यापासून एकदाही बदललं नव्हतं. वाचता वाचता मला इतका उत्साह आला की मी पदर खोचून अंगणातच आले. पोतं अंथरलं, त्यावर नट खोलायचे पाने, चिंध्या, पाण्याची बादली ओळीने मांडली. हे तेल रंगावर सांडलं तर रंग खातं, म्हणून बादली. काकूला पारदर्शक नळी हवी होती. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतरची सलाईनची नळी मी धुऊन कपाटात ठेवली होती. मी काही फेकत नाही म्हणून तुम्ही सगळे मला हसता, तर हे लक्षात ठेवा.

चाकांना दगड लावले, जॅक लावून खाली लाकडी ठोकळे सरकवले. आधी काकूने चारही चाकं आतून चाचपली. कुठे ओल नव्हती, म्हणजे गळती नव्हती. बोनेटखाली तेलाची जी छोटी टाकी असते, तिच्यात तेल होतं, पण काळ्या चहासारखं.

काम असं असतं. प्रत्येक चाकामागे एक बारीक निपल, म्हणजे तेल सोडायचा पोकळ स्क्रू असतो; त्याला नळी लावून तिचं टोक बाटलीत सोडायचं. वर बसलेल्याने पेडल दाबून धरायचं, खालच्याने निपल सैल करायचं, की जुनं तेल नळीतून बाटलीत येतं. निपल पुन्हा घट्ट झाल्याशिवाय वरच्याने पाय उचलायचा नाही. उचलला तर हवा आत ओढली जाते आणि सगळं मुसळ केरात. सुरुवात पेडलपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्या.

पेडल दाबायला माझा गुडघा कामाचा नव्हता. गडीमाणसं सगळी शेतात. उरले आजोबा. "पाहू तुमचं इंजिनिअरिंग," असं मला म्हणत ते गाडीत चढले. मी बोनेटपाशी नव्या तेलाचा डबा घेऊन उभी राहिले, टाकी रिकामी होऊ द्यायची नव्हती म्हणून.

गाडीखालून आवाज आला, "आत्याबाई, दाबा म्हनावं."

मी म्हटलं, "अहो, दाबा."

आजोबांनी दाबलं. त्यांना पहिलंच ऐकू आलं होतं, पण माझी वाट पाहून मगच.

"धरून ठेवा म्हनावं."

"धरून ठेवा."

"तिले सांग, पाय दुखून राह्यला."

"पाय दुखतोय म्हणतात."

"आयकलं, आत्याबाई."

कुंपणावरून शेजारीण पाहत होती. ती म्हणाली, "काय वं बाई, सून गाडीखाली, सासू बोनेटात. आज पोळ्या कोन लाटून राह्यलं?"

"तू ये लाटायला," मी म्हटलं. त्यावर ती हसली आणि तेवढ्यात मी डबा तिरपा करून टाकीत तेल ओतायला लागले. खालून "अजून सोडू नका म्हनावं" असं आलं. तेल सांडू नये म्हणून माझं सगळं ध्यान धारेवर होतं, निरोप माझ्यापाशीच राहिला. आजोबांनी ते वाक्य ऐकलं होतं, पण माझ्या तोंडून आलं नाही तोवर ते त्यांच्यासाठी नव्हतंच, आणि पाय दुखत होता म्हणून त्यांनी तो उचलला. खाली नळीत बुडबुडे वर पळाले.

मग पेडल दाबून पाहिलं तर आधीपेक्षा वाईट, नुसतं स्पंज.

आजोबा उतरायला लागले. "झालं. नेरच्याले जसी हाय तसी देऊन टाकतो."

काकू गाडीखालून बाहेर आली नाही. मला वाटलं, रडते आहे. मग खालूनच, मोठ्याने, स्पष्ट आवाज आला.

"मामाजी, उतरू नका. दाबा."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम टाकीतच पाहत राहिले. या वेळी निरोप मी पोचवला नाही.

"मामाजी, दाबलं काय?"

आजोबा पुन्हा जागेवर नीट बसले आणि म्हणाले, "दाबलं."

"धरा. मी सोडा म्हनीन तवाच सोडा."

"धरलं."

"आता सोडा."

पुढे काय गती आली म्हणून सांगू! दाबा, धरलं, सोडा. दाबा, धरलं, सोडा. मी नुसती तेल ओतत होते आणि मधेमधे चाकापाशी जाऊन नळीकडे वाकून पाहत होते. आधी बुडबुडे, मग काळं, मग मळकट, मग एकदम स्वच्छ, फिकट पिवळं तेल. मी लहान मुलीसारखी ओरडले, "आलं, आलं." एक चाक झालं, दुसरं झालं, पुढचं डावं झालं. शेवटच्या चाकाशी दोघं दमली होती. तुम्ही पाहिलात तो व्हिडिओ तिथला.

"मामाजी, काहून सोडलं? मी बोल्ली काय सोडा?"

"अवं, पायात गोळा आला ना."

"गोळा आला त सांगा ना, मी निपल बंद करतो आधी."

"सांगतच होतो, तू आयकून कुठं राह्यली."

शेजारणीने ते टिपलं आणि गावभर पाठवलं.

शेवटी पेडल दगडासारखं कडक झालं. काकू बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळाला, केसांना तेल होतं. मी आधी तिचं तोंड धुतलं, मग गाडीचा रंग. आजोबा उतरले नाहीत, नुसते बाजूच्या जागेवर सरकले. "चल," ते म्हणाले, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले.

दोघं नाल्याकडच्या उतारावर गेली. मी फाटकाच्या गजाला धरून उभी होते. गाडी खाली जाताना मागचे लाल दिवे लागले आणि ती जागच्या जागी थांबली. पुन्हा थोडी पुढे, पुन्हा थांबली. असं कितीदा तरी. नंतर तर मला वाटायला लागलं की आजोबा गंमत म्हणूनच थांबवायला सांगताहेत.

परत आल्यावर आजोबांनी स्वतःच नेरच्या माणसाला फोन लावला. "येऊ नको बावा. गाडी द्याची नाही. माही सून चालवते ते."

काका रविवारी आले, त्यांनी पेडल दाबून पाहिलं आणि मान डोलावली, ही त्यांच्या बाजूने मोठीच शाबासकी होती. घरात अजून पुष्कळसं बोलणं माझ्याच मार्फत चालतं. भाजीत मीठ कमी, पंखा बंद करा, सगळं. गाडीचं मात्र दोघं आपसांत बोलतात, आणि मोठ्याने बोलतात.

पिकअप अजून आपल्याच अंगणात उभी असते आणि काकूच ती चालवते.